दोनच प्रश्न

वायव्येच्या फाटकावर माझी खिडकी.
पुढ्यात पासांची चळत, घडीचे नकाशे,
काउंटरखाली चिकटवलेला पिवळा कागद, कडा सुटलेल्या:
कुत्रा सेवेचा आहे म्हणाले, तर विचारा दोनच प्रश्न.
अपंगत्वामुळे लागतो का?
कुठलं काम शिकलाय?
तिसरा नाही.
आजार कोणता, दाखला कुठाय, करून दाखवा बघू,
यातलं काहीच नाही.
वाढप्यानं पानाकडे बघावं, चेहऱ्याकडे नाही,
तसं बघायचं.

बाकीच्यांना मी पाठ झालेलं म्हणते.
सहा फुटांची दोरी. गाडीरस्ता सोडायचा नाही.
लाकडी वाटेवर तर मुळीच नाही,
तिथली जमीन म्हणजे दुधावरची साय,
वरून धरलेली, खाली उकळी.
कुत्र्याला तळं म्हणजे तळंच वाटतं.
आणि रानातल्या हरणीला
तुमच्या बाळाच्या गळ्यातला पट्टा दिसत नाही,
तिला लांडगा दिसतो.
लोक हसतात. मग मागच्या सीटवर बघतात,
आणि काच थोडी वर घेतात.

जूनमध्ये ओरेगनहून किम्सी नवराबायको आली,
सोबत सोळा वर्षांची, मोतीबिंदू झालेली पॉमेरेनियन.
अकराचा फवारा लोवेलनं पाहिला,
साडेबाराचा आर्डिथनं,
मधे गाडीत एकानं एसी लावून बसायचं.
लग्नाच्या पन्नासाव्या वर्षाची सहल.
परतताना खिडकीशी भांडत होती,
कुणाचा उंच होता म्हणून.

थेल्मा ऑस्टबी दरवर्षी येते. जन्मांध.
तिच्या टॅम्सिनच्या चार पायांत चार लाल बूट,
फळ्या तापतात म्हणून.
पहिल्या प्रश्नाला, हो.
दुसऱ्याला म्हणाली,
"मी कुठे संपते, ते हिला कळतं."
नियमाच्या भाषेत हे बसत नव्हतं.
मी लिहिलं: कडा आली की थांबवते.

आणि ऑगस्टमधला तो.
आयडाहोची पाटी, पत्रा गंजलेला पिकअप,
पासवर नाव रॉइस हॅडॉक.
शेजारी तपकिरी, एक कान फाटलेला कुत्रा
आणि कुत्र्याच्या अंगात कोरं जाकीट, "सेवेत" असं छापलेलं,
किमतीच्या चिठ्ठीचा दोरा अजून लोंबत होता.
पहिल्या प्रश्नाला हो म्हणाला.
दुसऱ्याला त्यानं इंजिन बंद केलं.
मागे अकरा गाड्या, एक भोंगा, मग तीन.
"शिकलेला काही नाही," म्हणाला.
"असतो.
रात्रीचा असतो."

असणं हे काम नाही.
कागदावर स्पष्ट आहे, आणि कागद खोटा नाही,
ती साय मी फुटताना पाहिली आहे.
मी पाठ झालेलं म्हटलं. आवाज जरा लहान झाला, एवढंच.
त्यानं स्वतःच जाकीट काढलं,
मांडीवर ठेवून घडी घातली, नीट, कोपऱ्याला कोपरा,
आणि नकाशा मागून घेतला.

सहाला सुटले. गणवेशाचा शर्ट काढून, टी-शर्टवर
वाहनतळाकडून निघाले, तर तो तिथेच.
पिकअपच्या मागच्या फळीवर बसलेला.
"किती वाजता उडतो?"
"वीसेक मिनिटं. जा तुम्ही, दोरी मी धरते."
विचार केला त्यानं. खरंच केला.
मग म्हणाला, "हा शोधत बसेल."
मला तेव्हा वाटलं, कोण कुणाला.

मी थांबले, कारण नव्हतं काही.
कुत्र्यानं आधी मान वर केली,
आम्हाला अजून काहीच ऐकू आलं नव्हतं.
मग उठला, त्याच्या गुडघ्यांवर
छातीचा सगळा भार टाकून उभा राहिला.
तेवढ्यात पाइनांमागे जमीन गरजली,
पांढरा शेंडा झाडांवर चढला,
आणि हॅडॉकचे हात
कातड्यात रुतले, थरथरले, हळूहळू थांबले.

हे याला कुणी शिकवलं,
अगदी ओठावर आलं होतं.
पण तो तिसरा झाला असता.

मी दोरीकडे पाहिलं.
नियमाची, मोजून सहा फूट.
फळीवर गुंडाळी होऊन पडली होती,
त्यातली वीतभरही वापरात नव्हती.